खुर्ची काढा, माणूस काढू नका

सूनबाई, यंदा आळीच्या हळदीकुंकवाला खेळ घ्यायचं काम तुझ्याकडे आलंय म्हणे. चांगलं झालं. मोबाइलवर शोधशील तर शंभर खेळ सापडतील, त्यांची कमतरता कधीच नव्हती. पण कुठला खेळ आधी, कुठला नंतर, कुणाला कुठे बसवायचं आणि कधी थांबायचं, हे आम्हाला मंगळागौरी जागवताना थोरल्या जावा-नणंदांनी शिकवलं. तेच तुझ्या कानावर घालते. संक्रांतीचं हळदीकुंकू असो, हादगा असो, कोजागरीची गच्ची असो, हुरड्याचं रान असो की सोसायटीचं स्नेहसंमेलन, माणसं जमली की हेच उपयोगी पडतं.

सगळ्यात आधी एक गाठ मनाशी पक्की मार. आपल्या फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे भारताच्या हॉकी संघातून खेळल्या. ते मैदान वेगळं. तिथे चांगला कोण हे शोधायचं असतं, म्हणून कमी पडणारा बाहेर बसतो. आपल्या अंगणात बाहेर कुणी बसता कामा नये. पुढचं सगळं या एका गोष्टीतून येतं.

आधी माणसं बघ, मग खेळ ठरव

घरून खेळ ठरवून जाऊ नकोस. चार-पाच खेळ मनात ठेव आणि माणसं बघून त्यातले निवड. दहा-बारा जणी असतील तर एकच गोल कर. वीस-तीस असतील तर दोन गट पाड. पन्नासच्या वर गेल्या तर गोल मोडतोच, तिथे तांबोल्यासारखा सगळ्यांनी जागच्या जागी खेळायचा खेळ घे.

मग गुडघे बघ. निम्म्या जणी खुर्चीत बसल्या असतील तर उड्यांचे खेळ मागे ठेव. फरशी बघ. गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते आणि फुगडीतली बाई तोंडावर पडते. एक तर सतरंजी गुंडाळून ठेव, नाहीतर बसूनच खेळ. कडेवर मूल असलेली, पोटुशी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, अशांना आधीच काम देऊन टाक. कुणी टाळ्यांचा ठेका धरेल, कुणी गुण लिहील, कुणी पंच होईल. हाताला काम मिळालं की ती खेळात आली म्हणायची.

गट पाडताना मैत्रिणींना आपापल्या गटात जाऊ देऊ नकोस. गोलात बसवून एक-दोन, एक-दोन म्हणायला लाव. एकवाल्या इकडे, दोनवाल्या तिकडे. जावा-जावा, मायलेकी, शेजारणी आपोआप फुटतात. पुरुषही असले तर नवरा-बायको वेगवेगळ्या गटांत हवेत. एरवी घुम्यासारखा बसणारा नवरा बायकोच्या विरुद्ध गटात गेला की कसा बोलायला लागतो बघ.

पहिला खेळ नावांचा

नव्या सुना, भाड्याने आलेली कुटुंबं, बदलीवर आलेले शिक्षक यांना कुणी नावानं ओळखत नसतं, म्हणून ती कोपरा धरतात. त्यांच्यासाठी पहिली दहा मिनिटं नावांची माळ घे. पहिलीनं आपलं नाव आणि माहेरचं गाव सांगायचं. दुसरीनं पहिलीचं सांगून मग आपलं. तिसरीनं दोघींचं सांगून आपलं. दहा-बाराव्या नावानंतर नवी माळ सुरू कर, नाहीतर शेवटच्यांचे हाल होतात.

यातली खरी मेख बसवण्यात आहे. वयस्कर बायका माळेच्या सुरुवातीला बसव, म्हणजे त्यांना एक-दोनच नावं आठवावी लागतील. शाळा-कॉलेजच्या पोरी शेवटाला. विसरलं कुणी तर शेजारणीनं कानात सांगायला मुभा ठेव. परीक्षा कुणाची घ्यायची नाही, नावं सगळ्यांच्या तोंडी बसवायची आहेत.

मंगळागौरीचा क्रम कधी मोडू नये

नव्या लग्नाच्या पोरी श्रावणातल्या मंगळवारी गौर पुजतात आणि रात्र जागवतात. रात्रभर डोळा लागू नये म्हणून तर हे सगळे खेळ रचले. म्हणूनच त्यांचा क्रम हुशारीनं लावलेला आहे. सुरुवातीला साधा फेर आणि झिम्मा; त्यात टाळी आणि पाऊल एवढंच लागतं, लाज मोडते. मग साधी फुगडी, बस फुगडी, पिंगा. अंग तापलं की सूप घेऊन नाचायचं, लाट्या, कोंबडा, गाठोडं. दम लागला की बसून भेंड्या. पुन्हा उभं. पहाटे अंग जड झालं की भांडणाचे खेळ, सासू-सून, सवती-सवती; त्यात तोंड चालतं आणि पायांना विसावा मिळतो.

हाच क्रम तू कुठल्याही कार्यक्रमाला लाव. सोप्यापासून सुरू कर, एक उभा खेळ झाला की एक बसका घे, आणि सगळ्यात गमतीचा खेळ शेवटून दुसरा ठेव. दमवणारा खेळ फराळाच्या आधी उरक. भरल्या पोटी कुणाला पिंगा घालायला लावू नकोस.

फुगडी घालताना

फुगडी सोपी वाटते म्हणून अपघात तिथेच होतात. हात एकमेकांवरून फुलीसारखे धरायचे, नुसती बोटं न अडकवता मनगटाजवळ घट्ट पकडायचं. हाताला तेल किंवा मेंदी ओली नको. काचेच्या बांगड्या वर सरकवून रुमाल बांधायचा. पायांची बोटं बोटांना भिडवायची, अंग मागे सोडायचं आणि नजर जोडीदारणीच्या तोंडावर ठेवायची. इकडे तिकडे बघितलं की गरगरतं. थांबताना एकदम हात सोडायचे नाहीत. वेग कमी करत, दोघींनी एकमेकींना धरून उभं राहायचं. आणि जोडी अंगानं सारखी लाव. शेलाटी पोर आणि भरल्या अंगाची बाई एकत्र आल्या तर पोर उडते.

फुगडी फक्त बायकांची असं कुणी म्हणालं तर त्याला आषाढात माउलींच्या पालखीच्या वाटेवर ने. लोणंदहून तरडगावला येताना चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. घोडे धावून गेले की वारकरी फुगड्या घालतात, हुतूतू खेळतात, पाटलाचा हात गड्याच्या हातात असतो. पांढऱ्या मिशांचे म्हातारे तिथे पोरांसारखे गरगर फिरतात. तेव्हा आपल्याकडच्या स्नेहसंमेलनात पुरुषांना खुर्च्या मांडायला पाठवून देऊ नकोस, त्यांनाही फेरात घे.

भेंड्यांचे वाद आधीच मिटव

गाण्याच्या भेंड्या कधीही, कुठेही चालतात. भांडणंही त्यातच होतात, म्हणून नियम सुरू करण्याआधी मोठ्यानं सांग. गाण्याची किमान एक ओळ पूर्ण म्हटली पाहिजे. शेवटचं अक्षर आलं ते घ्यायचं, काना-मात्रा सोडून. ‘ळ’ आला तर ‘ल’, ‘ण’ आला तर ‘न’. एकदा झालेलं गाणं पुन्हा नाही. दहा आकडे मोजेपर्यंत वेळ. आकडे मोजणारी तिसरीच कुणीतरी हवी, समोरचा गट मोजायला लागला की आकडे पळतात.

गाणं येत नाही म्हणणाऱ्यांसाठी गावांच्या भेंड्या ठेव. फलटण झालं की नातेपुते, मग तरडगाव, वाठार, रहिमतपूर, राजाळे, लोणंद, दहिवडी. ‘ड’ वर गाडी अडते तेव्हा कुणीतरी डोंबिवलीला पोचतं आणि हशा होतो. यात शेतात राबणारी आजी कॉलेजच्या पोरीला सहज हरवते, कारण बाजाराच्या, सोयरिकीच्या निमित्तानं तिनं गावं पायाखाली घातलेली असतात. असा एखादा खेळ प्रत्येक कार्यक्रमात हवाच, जिथे कमी शिकलेल्यांचं पारडं जड ठरेल.

संगीतखुर्चीची उलटी रीत

आता सगळ्यात आवडत्या आणि सगळ्यात वाईट खेळाबद्दल सांगते. संगीतखुर्चीत पहिल्या फेरीला बाहेर पडणारी कोण असते? हळू चालणारी, लाजाळू, वयस्कर. म्हणजे जिला खेळात आणायची, तीच आधी बाहेर. आणि मग वीसजणी उभ्या राहून दोघींची धक्काबुक्की बघत बसणार.

त्यापेक्षा दर फेरीला खुर्ची काढ, माणूस काढू नकोस. गाणं थांबलं की उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी बसायचं. एकीच्या मांडीवर दुसरी, काठावर तिसरी, कसंही, पण सगळ्या सामावल्या पाहिजेत. शेवटी दोन-तीन खुर्च्यांत दहाजणी एकमेकींना सावरत असतात आणि हसून हसून पडायची वेळ येते. मात्र प्लास्टिकच्या खुर्च्या नकोत, फरशीवर पाय फाकतात आणि मोडतात. त्याऐवजी जमिनीवर बस्करं टाक, किंवा घडी घातलेली सतरंजी. दर फेरीला एक घडी वाढवायची, जागा आपोआप लहान होते.

पार्सलचा खेळही असाच वळवता येतो. गाणं थांबल्यावर उशी जिच्या हातात, तिला शिक्षा देतात. शिक्षेऐवजी चिठ्ठी उचलू दे, आणि चिठ्ठीत काय लिहायचं ते विचारपूर्वक ठरव: शेजारणीचं एक कौतुक कर, भाजीवालीची आरोळी मार, लहानपणीचा एखादा खेळ सांग. नाचून दाखव असं लिहिलंस तर चार जणी पुढच्या वेळी येणारच नाहीत.

बसल्या जागचे खेळ

हादग्याचा एक खेळ आपण विसरत चाललोय. हस्त नक्षत्रात हत्तीचं चित्र मांडून पोरी फेर धरायच्या आणि गाणी झाली की खिरापत ओळखायला लावायच्या. तो खेळ वर्षभरात कधीही घे. झाकलेला डबा हलवून दाखवायचा, आवाज ऐकवायचा. गोड की तिखट, तळलेलं की भाजलेलं, असे प्रश्न विचारायचे. उत्तर फक्त हो किंवा नाही. दहा प्रश्नांत ओळखलं तर ओळखणारीनं वाटायचं, नाहीतर डबेवालीनं. हरलेल्यांनाही खिरापत मिळते, हे या खेळाचं मोठेपण.

वासावरून ओळखायचा खेळ घरच्या घरी होतो. वाट्यांत ओवा, जिरं, शहाजिरं, बडीशेप, दगडफूल, मेथी, हिंग, सुंठ ठेव आणि डोळ्यांवर पट्टी बांध. हा खेळ पुरुषांबरोबर जरूर घे. घरातलं काळं तिखट रोज खाणाऱ्याला त्यात काय पडतं हे किती कळतं, तेही समजेल.

ताटातल्या वस्तूंचा खेळ सगळ्यांना माहीत आहे. वीस वस्तू मांडायच्या, मिनिटभर बघू द्यायच्या, झाकून लिहायला लावायच्या. लिहिता न येणारी कुणी असेल तर जोड्या कर. एकीनं आठवायचं, दुसरीनं लिहायचं. कुणाला लिहिता येतं हे चारचौघांत विचारू नकोस, सरसकट जोड्याच पाड.

मुक्या अभिनयाला सिनेमांची नावं देतात. पिढ्या एकत्र असतील तर ती जमत नाहीत. नातीचा सिनेमा आजीला ठाऊक नसतो. म्हणी दे. नाचता येईना अंगण वाकडे, गाढवापुढे वाचली गीता, उंटावरून शेळ्या हाकणे, हे हातवाऱ्यांनी करून दाखवायला आजी उठली की सभा तिच्या हातात जाते.

कानगोष्टींसाठी वाक्य जरा अडखळणारं बनव. उदाहरणार्थ, ‘बरडच्या बाबांनी बाजारातून बाजरीऐवजी बोरं आणली.’ पंधरा कानांतून गेल्यावर ते काय होतं ते ऐक. वाक्यात जमलेल्यांपैकी कुणाचं नाव घालू नकोस, खेळ संपतो पण वावडी फिरत राहते.

तांबोला घेताना

मोठ्या जमावाला तांबोला बरा. आकडे 1 ते 90. तिकिटावर तीन ओळी, ओळीत पाच, असे पंधरा आकडे. खुणेला पेन देत बसू नकोस. मूठभर हरभरे किंवा चिंचोके दे, तिकिटं पुढच्या वेळी पुन्हा वापरता येतात. आकडा दोनदा पुकार, आधी जोडून, मग सुटा: सत्तेचाळीस, चार-सात. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी तोच पाटीवर लिहीत जा. पहिले पाच, वरची ओळ, मधली ओळ, खालची ओळ, पूर्ण घर, अशी बक्षिसं फोड म्हणजे ती पाच-सहा घरांत जातात. आणि पैसे लावून खेळू नकोस. दहा रुपये का होईनात, पैसा आला की हसणं कमी आणि हिशेब जास्त.

अंगणात आणि रानात

आपल्या पूर्वेकडच्या भागात शाळू हुरड्याला आला की पाहुणे रानात बोलवायचे. आगटी पेटायला, कणसं भाजायला वेळ लागतो, तोवर मुलं मोबाइल काढतात. नेमका तेव्हा लगोरीचा डाव मांड. सात चपटे दगड आणि चिंध्यांचा चेंडू एवढंच लागतं. रबरी किंवा टेनिसचा चेंडू पाठीत बसला तर लागतो, चिंध्यांचा लागत नाही, म्हणून आजोबाही खेळू शकतात. सूरपाट्यांना मऊ रान बघ, ढेकळांत पाय मुरगळतो. ज्वारी काढलेल्या वावरात मुळीच नको, धसकटं पायात घुसतात. रस्सीखेचीला सुती दोर हवा. नायलॉनच्या दोरानं तळहात सोलतात. दोर कमरेला किंवा मनगटाला गुंडाळू द्यायचा नाही.

आगटीपासून खेळाची जागा चांगली लांब हवी आणि विहिरीच्या बाजूला मुलांना जाऊच द्यायचं नाही. तिकडे एक जाणता माणूस बसवायचा. आपल्याकडे पतंग नागपंचमीला उडतात, तेव्हा कठडा नसलेल्या गच्चीवर कुणाला चढू देऊ नकोस, आणि नायलॉनचा मांजा घरात येऊ देऊ नकोस. त्यानं पाखरांचे पंख आणि गाडीवरच्या माणसांचे गळे कापले जातात.

आवाज चोपदाराकडून शिक

खेळ घेणारीचा घसा पहिल्या अर्ध्या तासात बसतो, कारण ती ओरडत असते. पालखी आपल्या विमानतळाच्या मैदानावर मुक्कामाला येते तेव्हा समाजआरती बघायला जा. टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतो आणि हजारो माणसं गप्प होतात. तसली एक खूण तू सुरुवातीलाच ठरव. हात वर केला की ज्यानं बघितलं त्यानं हात वर करायचा आणि गप्प व्हायचं. काही क्षणांत खोली शांत होते.

नियम तीन वाक्यांत सांग. त्यात बसत नसेल तर खेळच बदल. सांगण्यापेक्षा एक लटका डाव खेळून दाखव. आणि वाद झाला तर निकाल पाहुणीच्या बाजूनं दे, घरच्यांनी सोसायचं.

थट्टा, उखाणा आणि बक्षीस

2004 साली टीव्हीवर ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं आणि पैठणीचा खेळ गावोगावच्या नवरात्र मंडळांत गेला. त्यानं घरात दबलेल्या बायका माइकवर बोलू लागल्या, हे त्याचं मोठं देणं. पण माइक हातात आला की निवेदकाला सासू-सुनेची भांडणं उकरायचा मोह होतो. तू तो टाळ. रंग, वजन, वय, पगार, मूलबाळ यांवर थट्टा नको. घरी गेल्यावर जिचं उत्तर तिला भोवेल असा प्रश्न विचारायचा नाही.

उखाण्याचंही तसंच. नवऱ्याचं नाव घे म्हटलं की विधवा, एकटी, लग्न न झालेली, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, या सगळ्या एका झटक्यात बाहेर. म्हणून आवडत्या माणसाचं नाव घे असं म्हण. आईचं, लेकीचं, मैत्रिणीचं, गावाचंही चालेल. आणि बोलावतानाच सगळ्यांना बोलाव. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं 2022 च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केली. एक गाव ठराव करू शकतं, तर आपल्या आळीनं कुंकवाचं बोट सगळ्यांपुढे करायला काय हरकत आहे? लावायचं की नाही ते जिचं तिनं ठरवावं.

बक्षीस मोठं एक ठेवण्यापेक्षा लहान दहा ठेव. एका पैठणीमागे उरलेल्या सगळ्या हिरमुसून घरी जातात. किलोभर शेंगदाणे, गुळाची ढेप, चहाची गाळणी, कढीपत्त्याचं रोप, ज्यातलं काहीही मिळालं तरी वापरात येईल असं निवड. आणि वाण सगळ्यांना सारखंच.

थांबायचं कधी

खेळ रंगात असतानाच थांबव. ‘आणखी एक डाव’ असा पुकारा झाला की एकच डाव दे आणि बंद कर. दोघी-तिघी पदर सावरून घड्याळाकडे बघायला लागल्या, तर तू आधीच उशीर केलास. सलग तास-सव्वा तास खेळ पुष्कळ झाले. उरलेला वेळ बोलायला हवा, बायका त्यासाठीच आलेल्या असतात.

शेवटचा खेळ कुणी हरणार नाही असाच घे. सगळ्यांचा एक मोठा फेर, एक झिम्मा, आणि मग तिळगूळ.

अजून एक काम सांगते आणि तुला मोकळं करते. खेळ चालू असताना भिंतीला टेकून कोण बसलंय ते हेरून ठेव. सगळं संपल्यावर तिच्याजवळ जा आणि सांग, पुढच्या वेळचा पहिला खेळ तुम्ही घ्यायचा. नाही म्हणाली तर जोडीला उभी राहा, पण शिट्टी तिच्याच हातात दे.